पाचवी फेर्मा संख्या (४,२९,४९,६७,२९७)

पाचवी फेर्मा संख्या : ४,२९,४९,६७,२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही पूर्णांक संख्या. २ च्या ३२ व्या घातात १ मिळविला असता ती मिळते. प्येअर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी सतराव्या शतकात ती अविभाज्य (मूळ) मानली होती. लेओनार्ट ऑयलर यांनी १७३२ मध्ये ६४१ हा तिचा विभाजक दाखवून दिला व ते मत असत्य ठरविले. काही उदाहरणांवरून केलेले अनुमान आणि सिद्धता यांतील अंतर या एका संख्येने जेवढ्या स्पष्टपणे दाखविले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या संख्येने दाखविले असेल. विभाजकांचा शोध, सुसम बहुभुजांची रचना, अविभाज्यतेच्या कसोट्या आणि संगणकीय अंकगणित या संख्या सिद्धांताशी निगडित असलेल्या अनेक विषयांचे धागे तिच्या इतिहासात एकत्र आलेले आहेत.

व्याख्या व स्वरूप : २ ह्या संख्येचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, याप्रमाणे वर्ग करीत गेल्यास २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ ही श्रेढी मिळते. तिच्या प्रत्येक पदात १ मिळविल्यास ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७ या संख्या येतात. त्यांना फेर्मा संख्या म्हणतात. गणना शून्यापासून करण्याचा प्रघात असल्यामुळे ३ ही शून्यावी, ५ ही पहिली आणि ४,२९,४९,६७,२९७ ही पाचवी फेर्मा संख्या होय; ओळीत मात्र ती सहाव्या स्थानी येते.

लागोपाठ वर्ग करून २ चा मोठा घात काढण्याची युक्ती भारतात फार पूर्वीपासून ज्ञात होती. पिंगल यांच्या छंदःशास्त्रात दिलेल्या अक्षरसंख्येच्या वृत्तांचे लघुगुरुभेद किती होतात, हे काढण्याचा नियम आहे. घातांक सम असल्यास त्याचे अर्ध करावे व विषम असल्यास त्यातून एक वजा करावा. उलट क्रमाने येताना अर्धाच्या जागी वर्ग व वजाबाकीच्या जागी दुप्पट करावी, असे त्याचे तात्पर्य आहे. या रीतीने २ चा ३२ वा घात काढण्यास २ पासून प्रारंभ करून केवळ पाच वेळा वर्ग करावा लागतो. बत्तीस अक्षरांच्या चरणाचे लघुगुरुभेद मोजल्यास त्यांची संख्या ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे पाचव्या फेर्मा संख्येहून एकने कमी, इतकी येते.

फेर्मा संख्यांचा एक मूलभूत गुणधर्म असा की, कोणत्याही फेर्मा संख्येच्या आधीच्या सर्व फेर्मा संख्यांचा गुणाकार तिच्यापेक्षा २ ने कमी असतो. उदा., ३ × ५ = १५ = १७ − २ आणि ३ × ५ × १७ = २५५ = २५७ − २. त्याचप्रमाणे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. यावरून ३, ५, १७, २५७ किंवा ६५,५३७ यांपैकी कोणत्याही संख्येने पाचव्या फेर्मा संख्येस भागल्यास बाकी २ उरते, म्हणजे यांपैकी एकही तिचा विभाजक नाही हे सिद्ध होते. कोणत्याही दोन फेर्मा संख्यांना १ खेरीज समाईक विभाजक नसतो, हेही याच गुणधर्मातून निष्पन्न होते. क्रिस्तियान गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट दाखविली होती. प्रत्येक फेर्मा संख्येचे अविभाज्य अवयव इतर सर्वांच्या अवयवांहून वेगळे असल्यामुळे अविभाज्य संख्या अनंत आहेत, हे यूक्लिडचे प्रमेय या मार्गानेही सिद्ध करता येते.

फेर्मा यांचे विधान : फेर्मा हे व्यवसायाने तूलूझ येथील न्यायमंडळाचे सदस्य होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळातील व्यासंग होता. आपले शोध त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले नाहीत. मारँ मेर्सेन, बेर्नार फ्रेनिक्ल द बेसी, ब्लेझ पास्काल इत्यादींशी झालेल्या पत्रव्यवहारातून ते पुढे आले. १६४० मध्ये फ्रेनिक्ल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी वरील श्रेढीतील संख्या मांडल्या व त्या सर्व अविभाज्य असाव्यात अशी आपली जवळजवळ खात्री असल्याचे कळविले. पूर्ण सिद्धता आपणाजवळ नाही, हेही त्यांनी त्याच वेळी मान्य केले होते. पुढे १६५४ मध्ये पास्काल यांना लिहिताना त्यांनी हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. वर्षे उलटत गेली तरी या विधानावरील त्यांचा विश्वास ढळला नाही.

हा विश्वास अगदीच निराधार नव्हता. ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या पाचही संख्या खरोखरच अविभाज्य आहेत. यांपैकी शेवटची तपासण्यासाठीही २५६ पर्यंतच्या अविभाज्य संख्यांनीच भाग देऊन पाहावा लागतो, व हे काम चिकाटीच्या गणकास सहज शक्य होते. पाचव्या संख्येची गोष्ट वेगळी होती. तिचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित अधिक असल्याने तेथपर्यंतच्या साडेसहा हजारांहून अधिक अविभाज्य संख्यांनी भाग देऊन पाहणे सरळ रीतीने प्राप्त होते.

परंतु ही सरळ रीत टाळण्याचे साधन फेर्मा यांच्याच हाती होते. १८ ऑक्टोबर १६४० रोजी फ्रेनिक्ल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आज ‘फेर्मा यांचे लघुप्रमेय’ म्हणून ओळखला जाणारा नियम कळविला. अविभाज्य संख्या प असेल आणि अ या संख्येस तिने भाग जात नसेल, तर अ च्या (प − १) व्या घातास प ने भागल्यावर बाकी १ उरते, असा तो नियम आहे. त्याच वर्षी मेर्सेन यांना लिहिताना २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केला असता येणारी १,३७,४३,८९,५३,४७१ ही संख्या अविभाज्य नसून तिला २२३ ने भाग जातो, असे त्यांनी दाखविले होते. अशा संख्येचा विभाजक ७४ च्या पटीहून १ ने अधिक असलाच पाहिजे, हे त्यांनी हेरले होते. या अटीत बसणारी पहिली अविभाज्य संख्या १४९ व दुसरी २२३ असल्यामुळे दुसऱ्याच प्रयत्नास यश आले. हाच विचार पाचव्या फेर्मा संख्येस लावला असता, तर उत्तर पाचव्या भागाकारास मिळाले असते. ते त्यांना का मिळाले नाही, हा गणिताच्या इतिहासातील एक लक्षणीय प्रश्न आहे. त्यांनी ही तपासणी केली असावी, पण एखाद्या भागाकारात हिशेबाची चूक झाली असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे.

ऑयलर यांचा शोध : फेर्मा यांच्या मृत्यूनंतर (१६६५) हा प्रश्न सुमारे सहा दशके दुर्लक्षित राहिला. गोल्डबाख यांनी १ डिसेंबर १७२९ रोजी ऑयलर यांना लिहिलेल्या पत्राच्या ताजा कलमात फेर्मा यांचे हे विधान त्यांस ठाऊक आहे काय, अशी पृच्छा केली. ऑयलर त्या वेळी २२ वर्षांचे होते आणि सेंट पीटर्झबर्ग येथील विज्ञान अकादमीत काम करीत होते. प्रारंभी त्यांनी या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले नाही. परंतु गोल्डबाख यांनी पाठपुरावा केल्यावर ते फेर्मा यांच्या संख्याविषयक लेखनाकडे वळले. आयुष्यभर चाललेल्या त्यांच्या संख्या सिद्धांतातील संशोधनाचा प्रारंभ येथूनच झाला, असे मानले जाते.

१७३२ मध्ये अकादमीपुढे ठेवलेल्या व १७३८ मध्ये छापून प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा लेखात ऑयलर यांनी ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो, असे जाहीर केले. हा विभाजक आपणास कसा सापडला, याचे स्पष्टीकरण त्या लेखात नव्हते. ते विभाजकांविषयीच्या त्यांच्या पुढील लेखात (१७५०) आले. संपूर्ण अवयवीकरण असे आहे :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

विभाजकांचे स्वरूप : ऑयलर यांच्या युक्तिवादाचा गाभा पुढीलप्रमाणे आहे. प ही अविभाज्य संख्या पाचव्या फेर्मा संख्येचा विभाजक आहे असे समजू. मग २ च्या ३२ व्या घातास प ने भागल्यावर बाकी −१ येते, व म्हणून त्याच्या वर्गाची, म्हणजे २ च्या ६४ व्या घाताची, बाकी १ येते. ज्या घातास बाकी प्रथम १ येते तो घातांक ६४ चा विभाजक असला पाहिजे; पण तो ३२ किंवा त्याहून लहान असू शकत नाही, कारण तसे असते तर ३२ व्या घाताची बाकी १ आली असती. तेव्हा तो नेमका ६४ आहे. लघुप्रमेयानुसार (प − १) व्या घाताची बाकीही १ असल्याने ६४ ने (प − १) ला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे प ही संख्या ६४ च्या पटीहून १ ने अधिक असते.

या अटीमुळे हजारो संख्यांची छाननी एकदम संपते. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ या क्रमातील अविभाज्य संख्या केवळ १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ या आहेत. त्यांनी पाचव्या फेर्मा संख्येस भागल्यावर अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ० अशा बाक्या येतात. हे भागाकार लांबलचक करावे लागत नाहीत. उदा., ६४१ साठी ६५,५३६ ला भागल्यावर बाकी १५४ येते. १५४ चा वर्ग २३,७१६. त्यास ६४१ ने भागल्यावर बाकी ६४० येते, आणि तीत १ मिळविला की ६४१ होतात. म्हणजे पूर्ण भाग जातो.

एद्वार ल्यूका यांनी १८७८ मध्ये ही अट आणखी कडक केली. २ ही संख्या अशा प्रत्येक विभाजकाच्या संदर्भात वर्गशेष असते, या गोष्टीचा उपयोग करून विभाजक १२८ च्या पटीहून १ ने अधिक असतो, असे त्यांनी दाखविले. त्यानुसार ६४१ पर्यंत २५७ व ६४१ या दोनच अविभाज्य संख्या तपासाव्या लागतात. आणि २५७ ही स्वतः फेर्मा संख्या असल्याने तिचा विचार करावयास नको. ६७,००,४१७ हा दुसरा अवयव अविभाज्य आहे, हेही याच अटीच्या आधारे थोडक्यात ठरविता येते. त्याचे वर्गमूळ २,५८८ व २,५८९ यांच्या दरम्यान आहे, व तेथपर्यंत ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ या चारच संख्यांनी भाग देऊन पाहणे पुरेसे असते. यांपैकी एकानेही त्यास निःशेष भाग जात नाही.

६४१ हा विभाजक आहे हे प्रत्यक्ष भागाकार न करताही पटविता येते. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते : ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ५ × १२८ ची बाकी −१ येते. त्याचा चौथा घात घेतल्यास ६२५ व २ चा २८ वा घात यांच्या गुणाकाराची बाकी १ येते. दुसऱ्या रूपावरून ६२५ ऐवजी −१६ घेता येतात, व १६ म्हणजे २ चा चौथा घात होय. म्हणून २ च्या ३२ व्या घातापुढे ऋण चिन्ह दिले असता बाकी १ येते. त्या घातात १ मिळविल्यास अर्थातच काही उरत नाही. अमेरिकेतील झेरा कोलबर्न या बालगणकास १८१२ मध्ये लंडन येथे आणण्यात आले, तेव्हा त्याचे वय सुमारे आठ वर्षांचे होते. तेथील प्रयोगांत ४,२९,४९,६७,२९७ चे अवयव विचारले असता त्याने कागदाचा आधार न घेता ते सांगितल्याची नोंद आहे.

इतर गुणधर्म : ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी अविभाज्य संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येते, असे ऑयलर यांनी सिद्ध केले. पाचवी फेर्मा संख्या मात्र दोन प्रकारे मांडता येते. ६५,५३६ चा वर्ग व १ चा वर्ग यांची बेरीज हा पहिला प्रकार तिच्या व्याख्येतूनच मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीज : ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७. ही संख्या संयुक्त असल्याचा हा स्वतंत्र पुरावा आहे. अवयवांचाही असाच विचार केल्यास ६४१ हा २५ व ४ यांच्या वर्गांची, तर ६७,००,४१७ हा २,५५६ व ४०९ यांच्या वर्गांची बेरीज आहे. या चार संख्यांपासून वरील दोन्ही मांडण्या निघतात. उदा., २५ × २,५५६ + ४ × ४०९ = ६५,५३६ आणि २५ × ४०९ − ४ × २,५५६ = १.

लघुप्रमेयाचा व्यत्यास सत्य नाही, याचे ही संख्या हे एक ठळक उदाहरण आहे. पाचव्या फेर्मा संख्येने भागताना २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ येते. या संख्येतून १ वजा केल्यास येणारी ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या ६४ ची पट असल्याने २ च्या तितक्या मोठ्या घाताचीही बाकी १ च येते. म्हणजे २ हा पाया घेऊन लघुप्रमेयाची कसोटी लावल्यास ही संयुक्त संख्या अविभाज्य संख्येप्रमाणे वागते. अशा संख्येस आभासी अविभाज्य संख्या म्हणतात. फेर्मा यांची फसगत याच कारणाने झाली असावी, असाही एक तर्क मांडण्यात आलेला आहे. पाया ३ घेतल्यास मात्र बाकी १ येत नाही व संख्या संयुक्त असल्याचे उघड होते. टेओफिल पेपँ यांनी १८७७ मध्ये या कल्पनेस निश्चित कसोटीचे रूप दिले. त्यानुसार पाचव्या फेर्मा संख्येसाठी ३ पासून प्रारंभ करून ३१ वेळा वर्ग करावा व प्रत्येक वेळी बाकी घ्यावी. अखेरची बाकी −१ आली तरच संख्या अविभाज्य असते. या कसोटीचे वैशिष्ट्य असे की, एकही विभाजक हाती न लागता संख्या संयुक्त आहे किंवा नाही हे निश्चित ठरते.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार याप्रमाणे दुप्पट धान्यकण ठेवण्याची भारताशी निगडित असलेली कथा प्रसिद्ध आहे. पटाच्या पहिल्या ३२ घरांतील कणांची संख्या ४,२९,४९,६७,२९५ होते, व हाच पहिल्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार होय. सर्व ६४ घरांतील कणांची १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही संख्या अल् बीरूनी यांनी अकराव्या शतकाच्या प्रारंभीच्या सुमारास लागोपाठ वर्ग करण्याच्या रीतीने काढून दाखविली होती. ती पाचव्या फेर्मा संख्येसह पहिल्या सहा फेर्मा संख्यांचा गुणाकार असल्यामुळे तिचे अविभाज्य अवयव ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ व ६७,००,४१७ असे आहेत. अशा रीतीने ऑयलर यांस सापडलेला ६४१ हा विभाजक या प्राचीन कथेतील संख्येतही दडलेला आहे.

सुसम बहुभुजांशी संबंध : फेर्मा यांचे विधान असत्य ठरल्यावर या संख्यांचे महत्त्व संपुष्टात आले असते, परंतु कार्ल फ्रीड्रिख गौस यांच्या शोधामुळे त्यांना अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली. ३० मार्च १७९६ रोजी, वयाची १९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, गौस यांनी सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने काढता येतो हे दाखविले. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी याचा सर्वसामान्य नियम दिला. बाजूंच्या विषम संख्येचे सर्व अविभाज्य अवयव फेर्मा संख्या असतील व एकही अवयव दोनदा येत नसेल, तर तसा सुसम बहुभुज काढता येतो. ही अट आवश्यकही आहे, याची सिद्धता प्येअर लॉरां व्हांत्सेल यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केली.

ज्ञात असलेल्या पाच अविभाज्य फेर्मा संख्यांपासून असे ३१ गुणाकार मिळतात. त्यांतील सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५ हा आहे. तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः पट्टी व कंपास यांनी काढता येतो. पण आणखी दोनच बाजू वाढवून ४,२९,४९,६७,२९७ केल्या की ते अशक्य होते, कारण ६४१ व ६७,००,४१७ या अविभाज्य संख्या असल्या तरी फेर्मा संख्या नाहीत. ऑयलर यांचा १७३२ मधील एक भागाकार अशा प्रकारे शतकानंतर भूमितीतील एका मर्यादेस कारणीभूत ठरला. २५७ बाजूंच्या बहुभुजाची रचना फ्रीड्रिख यूलिउस रिखेलो यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेवर योहान गुस्टाव्ह हेर्मेस यांनी सुमारे दहा वर्षे परिश्रम घेतले. त्यांचे विस्तृत हस्तलिखित गटिंगेन येथे ठेवण्यात आले व त्याविषयीचा वृत्तांत १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढील संख्या : पाचव्या संख्येच्या अवयवीकरणानंतर सहाव्या संख्येचे, म्हणजे २ चा ६४ वा घात अधिक १ हिचे, अवयव मिळण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला. फॉर्त्युने लांद्री यांनी १८८० मध्ये वृद्धापकाळी २,७४,१७७ हा तिचा अवयव शोधून काढला. टोमास क्लाउसेन यांनी तो १८५५ मध्येच गौस यांना पत्राने कळविला होता, हे पुढे उघडकीस आले. सातवी संख्या संयुक्त असल्याचे १९०५ मध्ये व आठवी संयुक्त असल्याचे १९०९ मध्ये पेपँ यांच्या कसोटीने ठरले. पण त्यांचे अवयव काढणे हातांनी करावयाच्या परिकलनाच्या आवाक्याबाहेर होते. सातव्या संख्येचे अवयव मायकेल मॉरिसन व जॉन ब्रिलहार्ट यांनी १९७० मध्ये संगणकाच्या साहाय्याने, तर आठवीचे रिचर्ड ब्रेंट व जॉन पोलार्ड यांनी १९८० मध्ये काढले. अकरावीचे संपूर्ण अवयवीकरण १९८८ मध्ये, नववीचे १९९० मध्ये व दहावीचे १९९५ मध्ये झाले. नवव्या संख्येसाठी वापरलेली संख्या-क्षेत्र चाळणी ही पद्धती पुढे मोठ्या संख्यांच्या अवयवीकरणाचे प्रमुख साधन बनली. गुप्तलेखनाच्या काही आधुनिक पद्धतींची सुरक्षितता मोठ्या संख्येचे अवयव शोधण्याच्या अडचणीवर अवलंबून असल्यामुळे या प्रगतीस व्यावहारिक महत्त्वही आले.

पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सर्व फेर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. तेहतिसावीचा निर्णय अद्याप लागलेला नाही. ६५,५३७ नंतरची एकही अविभाज्य फेर्मा संख्या ज्ञात नाही. फेर्मा संख्या इतक्या वेगाने वाढत जातात, की त्यांपैकी एखादी अविभाज्य असण्याची संभाव्यता दर पायरीस जवळजवळ निम्मी होत जाते. यावरून अशा अविभाज्य संख्या मोजक्याच असाव्यात, असे अनेक गणितज्ञांचे मत आहे. त्या सांत आहेत की अनंत, हे मात्र सिद्ध झालेले नाही. इतकेच नव्हे, तर संयुक्त फेर्मा संख्या अनंत आहेत हेही अजून सिद्ध करता आलेले नाही.

उपयोग : अंकीय संगणकात ३२ द्विमान अंकांच्या शब्दात ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळी मूल्ये साठविता येतात. त्यामुळे पाचव्या फेर्मा संख्येने भागून बाकी काढणे संगणकास फार सोपे जाते. २ च्या घातांनी गुणणे म्हणजे अंक सरकविणे, व ३२ स्थानांपलीकडे गेलेला भाग वजा करणे, एवढेच करावे लागते. या सोयीचा लाभ घेऊन १९७० नंतरच्या दशकात संकेत-संस्करणासाठी फेर्मा संख्यांवर आधारित रूपांतरे सुचविण्यात आली. पाचवी संख्या संयुक्त असली, तरी तिचे दोन्ही अवयव १२८ च्या पटीहून १ ने अधिक असल्याने १२८ पदांपर्यंतचे रूपांतर तिच्या आधारे करता येते. अतिशय मोठ्या पूर्णांकांचा शीघ्र गुणाकार करण्याच्या, १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोनहागे व श्ट्रासेन यांच्या पद्धतीतही याच स्वरूपाच्या संख्यांचा आधार घेतला जातो.

मूल्यमापन : फेर्मा यांनी मांडलेली संख्याविषयक बहुतेक विधाने पुढील काळात सत्य ठरली. असत्य ठरलेले हे त्यांचे एक महत्त्वाचे अनुमान होय. त्याचे खंडन झाले ते नव्या तत्त्वाने नव्हे, तर त्यांच्याच लघुप्रमेयाच्या नेमक्या उपयोजनाने. लागोपाठ पाच पदांत आढळलेला गुणधर्म सहाव्या पदात नाहीसा होऊ शकतो, हा धडा ४,२९,४९,६७,२९७ या संख्येने गणितास दिला. गोल्डबाख यांची साधी पृच्छा आणि ऑयलर यांचा एक भागाकार यांतून पुढे शेषांचे अंकगणित, अविभाज्यतेच्या कसोट्या व अवयवीकरणाच्या पद्धती विकसित होत गेल्या. अठराव्या शतकातील संख्या सिद्धांताच्या पुनरुज्जीवनात या संख्येस महत्त्वाचे स्थान दिले जाते, ते याच कारणाने.